दीड मीटरचा ड्रेस

माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायका मला तोंडावर मास्तरीण म्हणतात आणि पाठीमागे फटकळ. दोन्ही खरं आहे. सत्तावीस वर्षं मी घरीच शिवते, पुढच्या खोलीत, खिडकीखाली मशीन लावून. एखादी चाळीस इंचांची कंबर घेऊन येते आणि लाडात म्हणते, "मास्तरीण, छत्तीसच लिहा ना, मी महिन्याभरात उतरवते." मी सांगते, "तू आधी उतरव, मग मी आत घेईन. आज टेप चाळीस म्हणतेय तर वहीत चाळीसच." रागावतात, जातात, आणि आठ दिवसांनी तेच कापड घेऊन परत येतात, कारण मी शिवलेलं अंगावर बसतं. माझ्या मापाच्या वहीत एकही खोटा आकडा नाही. ह्याचा मला फार तोरा होता.

तो तोरा माझ्या धाकट्या बहिणीने उतरवला.

धाकटी हॉस्पिटलातून थेट माझ्याकडे राहायला आली. तिला पोटाचं दुखणं होतं, साधंसुधं नव्हे. ऑपरेशन झालं, मग औषधं, त्यात केस गेले, थोडे परत आले. नवऱ्यापासून ती दोन वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. मुलगी तिच्याजवळ असायची. नऊ वर्षांची पोर, पुढचे दोन दात मोठे, म्हणून आम्ही तिला खार म्हणतो. धाकटी हॉस्पिटलात गेली त्या आठवड्यात बाप आला आणि खारीला घेऊन गेला. नेलं ते नेलं, वर कोर्टात अर्ज टाकला की आई आजारी आहे, तिला मूल सांभाळणं जमणार नाही. कोर्ट म्हणालं, तीन महिने बघू. तीन महिन्यांनी कोर्टाच्या बाई घरी येतील, आईची तब्येत कशी आहे ते बघतील. सुधारत असली तर पोर आईकडे. नसली तर बापाकडेच कायमची, आणि आईने महिन्यातून एकदा तिकडे जाऊन भेटायचं, सासूच्या देखत, दोन तास.

"मला खार पाहिजे, ताई," धाकटी म्हणायची. दुसरं काही मागायचीच नाही. जेवणात काय हवं विचारलं तरी हेच.

बाई यायला चार आठवडे उरले तेव्हा ती एका दुपारी पिशवी घेऊन माझ्या मशीनपाशी आली. पिशवीतून कापड काढलं. फिका हिरवा रंग, त्यावर बोटाच्या पेराएवढे पक्षी, सगळे एका दिशेला उडणारे.

"ह्याचा मला ड्रेस शीव. बाई येतील त्या दिवशी घालायला."

मी कापड हातावर मोजलं. पन्हा चव्वेचाळीस, लांबी दीड मीटर. "ह्यात तुझ्या दोन बाह्या होतील आणि अर्धी कॉलर," मी म्हटलं. "कुणासाठी घेतलं होतंस हे?"

"खारीच्या फ्रॉकसाठी. ऑपरेशनच्या आधी. तिनेच पसंत केलं होतं."

"मग नवीन घेऊ या की तुझ्यासाठी. दुकानं काय ओस पडलीत?"

"नको. ती परत येईल तेव्हा तिने मला ह्याच कापडात बघायचंय." तिने कापडाची घडी नीट केली. "तो तिला सांगतो, आई तुला टाकून गेली. तिला कळू दे ना, की मी तिचं कापडसुद्धा टाकलं नाही."

मी टेप गळ्यात अडकवली आणि तिला उभं केलं.

तो पहिला रविवार. छाती एकोणतीस, कंबर पंचवीस. लग्नाच्या आधी मीच हिचे ड्रेस शिवायचे, तेव्हा कंबर तीस असायची. टेप फिरवताना माझे हात तिच्या पाठीमागे सहज एकमेकांना भेटले. पण मी तोंडाने म्हटलं, "वा! एका गोष्टीचा फायदा झाला. कापड पुरेल."

ती हसली. आमच्या घरात असंच बोलतात.

पुरेल म्हणणं सोपं होतं. आजवर माझ्याकडे आलेल्या बायांना बारीक दिसायचं असायचं. त्याच्या सगळ्या खोड्या मला पाठ आहेत: दोन्ही कडांना गडद पट्टी, उभी शिवण, पोटावर काहीही नको. जाड दाखवा असं कुणी मागितलंच नव्हतं. त्यासाठी सगळं उलटं करावं लागतं. खांद्याशी आडवा जोड हवा, छातीवर चुण्या हव्यात, कंबरेखाली घोळ हवा, मनगटं झाकायला लांब बाह्या हव्यात, गळ्याची हाडं झाकायला उंच कॉलर हवी. आणि ह्या सगळ्याला कापड लागतं. म्हणजे बाई वाळली म्हणून जे कापड वाचलं ते तिचं वाळणं झाकण्यातच खर्ची पडणार! मी वर्तमानपत्राचे कागद कापले आणि दीड मीटरवर इकडून तिकडे फिरवत बसले. बाही लागली की कॉलर उरेना. कॉलर लागली की घोळ जाई. नाकी नऊ आले.

शेवटी असं ठरवलं. खांद्याचा भाग माझ्या जुन्या काळ्या स्कर्टमधून काढायचा. बाह्या कोपरापर्यंत पक्ष्यांच्या, खाली काळ्या. कॉलर काळी. उरलेलं सगळं हिरवं समोर आणि बाजूंना, जिथे नजर पडते तिथे. तरी पाठीचा एक तुकडा बसेना. तो उलटा फिरवला तेव्हा बसला, पण मग त्यावरचे पक्षी डोकं खाली करून उडायला लागले. एरवी गिऱ्हाइकाच्या कपड्यात मी असलं काही केलं नसतं, कात्री खाली ठेवली असती. इथे म्हटलं, पाठीकडे कोण बघतंय! आणि कापलं.

दुसऱ्या रविवारी कच्चा धावदोरा घालून अंगावर चढवून बघितलं. ती स्वेटर काढायला तयार होईना. "थंडी वाजते गं," म्हणाली. मी म्हटलं राहू दे, स्वेटरचा इंच मी वजा करते. टेप लावली. कंबर सव्वीस. मला वाटलं माझीच चूक. पुन्हा लावली. वजा करून सव्वीस.

"अगं, इंचभर भरलीस की!"

"तुझ्या हातचं जेवण," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तिसऱ्या रविवारी साडेसव्वीस. चौथ्याला साडेसत्तावीस. मी वहीत तारखांसकट लिहीत होते आणि शेजारणीला बोलावून दाखवत होते. चार दिवस आधी केलेलं माप पुढच्या रविवारी घट्ट व्हायचं. बाजूच्या शिवणी उसवायच्या, आत राखलेलं सोडायचं, तेही पुरलं नाही तेव्हा काखेखाली पट्टी घालायची. पट्टीला कापड कुठून आणू? दोन बोटं हिरवं शिल्लक नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कापड कमी पडल्याचा मला आनंद होत होता. वेडी झाले होते मी. मशीन चालवता चालवता गाणं म्हणायचे, आणि माझं गाणं म्हणजे काय ते शेजाऱ्यांना विचारा.

पट्टीसाठी मी चिंध्यांची पिशवी उलटी केली. मशीनच्या मागे खिळ्याला माझी एक मोठी पिशवी असते, सगळ्यांच्या कपड्यांची कतरण त्यात जाते. ती अर्ध्याहून जास्त रिकामी होती. "उंदीर लागले की काय!" मी ओरडले. धाकटी आतल्या खोलीतून म्हणाली, "मी टाकल्या थोड्या. धूळ होत होती." मी तिला दोन शब्द सुनावले, कारण माझ्या चिंध्यांना हात लावलेला मला खपत नाही, आणि विसरून गेले.

त्याच आठवड्यात ती हॉस्पिटलातून आली. दर बुधवारी जायची, एकटीच. मी बरोबर येते म्हटलं की म्हणायची, तुझी कामं खोळंबतील. त्या बुधवारी येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता दर बुधवारी यायची गरज नाही."

मी उठून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो चेहरा माझ्या तळहातांत केवढासा होता ते मला तेव्हाही कळलं होतं. गालांत खड्डे होते. मनगटं माझ्या कात्रीच्या मुठीतून गेली असती. हे सगळं मी रोज बघत होते. पण मी स्वतःला समजावलं की वजन आधी पोटावर धरतं, चेहऱ्यावर मागून येतं. कुणी सांगितलं मला हे? कुणी नाही. टेप साडेसत्तावीस म्हणत होती ना! सत्तावीस वर्षं मी डोळ्यांपेक्षा टेपेवर विश्वास ठेवत आले. डोळे गिऱ्हाइकाला बघून फसतात, टेप फसत नाही, असं मी दहा मुलींना शिकवलंय.

पाचव्या रविवारी, सकाळी अकराला, कोर्टाच्या बाई येणार होत्या.

ड्रेस तयार होता. नऊ वाजता मी तो तिच्या अंगावर चढवला. स्वेटर नव्हता ह्या वेळी. खाली काहीतरी घातलंय एवढं जाणवलं, मला वाटलं जाडसर बनियन. आणि काय सांगू, दिसली हो! छातीवर चुण्या भरून आल्या होत्या, कंबरेखाली घोळ पडला होता, काळ्या कॉलरमुळे मान सुद्धा मान वाटत होती. टेप लावली, साडेअठ्ठावीस. वहीत लिहिलं. ती आरशासमोर ओठांना रंग लावत होती. मागून कंबरेशी जरा ढिलं वाटलं म्हणून मी तोंडातली टाचणी काढली आणि दुमडून टोचली.

टाचणी आत गेली. अर्धी गेली, मग पुरती, डोक्यापर्यंत. सव्वा इंचाची टाचणी. मी हात मागे घेतला. माझ्या हातून गिऱ्हाइकांना पुष्कळदा टोचलंय, नखाएवढं टोक लागलं तरी बायका किंचाळतात.

धाकटी हूं की चूं नाही. तिने खालचा ओठ पुरा केला आणि वरचा रंगवायला घेतला.

"दुखलं?" मी विचारलं.

"काय?" ती आरशातून म्हणाली. मग तिने माझं तोंड बघितलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

मी तिच्या कंबरेला हात लावला. दाबला. मऊ होतं, पण ते मऊपण माझ्या ओळखीचं होतं. कापडावर कापड ठेवून दाबलं की लागतं तसं. मी काही बोलायच्या आत खाली गाडी थांबल्याचा आवाज आला आणि जिन्यावर बुटांची टपटप. बाई वेळेच्या आधीच आल्या होत्या.

"ताई," धाकटी म्हणाली. एवढंच. हात जोडले नाहीत, रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मी टाचणी उपसली आणि दार उघडलं.

कोर्टाच्या बाई माझ्याच वयाच्या, पायात चालून झिजलेले बूट, हातात जाड फाइल. वाईट नव्हत्या. त्यांनी घर बघितलं, खारीसाठी लावलेला पलंग बघितला, शाळा किती लांब आहे विचारलं. फाइलमधला हॉस्पिटलचा कागद तीन महिन्यांपूर्वीचा होता, सुटी दिली तेव्हाचा. त्यात लिहिलं होतं, सुधारणा अपेक्षित. धाकटी ताठ बसली होती, नीट उत्तरं देत होती. मग बाई मला म्हणाल्या, जरा आत येता का?

आम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहिलो.

"त्या स्वतः चांगलंच सांगणार," बाई म्हणाल्या. "खाली दोघा-तिघांना मी परवाच तुमच्याबद्दल विचारून गेले. म्हणाले, ती बाई कुणाची भीड ठेवत नाही, जे असेल ते तोंडावर सांगते. म्हणून तुम्हाला विचारते. बहीण बरी होतेय का?"

मी बाहेर गेले, मशीनच्या खणातून वही काढली आणि त्यांच्या हातात दिली. पाच रविवार, पाच तारखा. पंचवीस, सव्वीस, साडेसव्वीस, साडेसत्तावीस, साडेअठ्ठावीस.

"ह्या वहीत मी खोटं माप लिहीत नाही," मी म्हटलं.

बाईंनी आकडे उतरवून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं दिसलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. जाताना त्या धाकटीला म्हणाल्या, "ड्रेस छान आहे हो. कुठून घेतला?"

"ताईने शिवला," धाकटी म्हणाली.

दार लागलं. मी तिला म्हटलं, "काढ."

तिने ड्रेस डोक्यावरून काढला. खाली एक बंडी होती, बिनबाह्यांची, गळ्यापासून कुल्ल्यांपर्यंत. माझ्या चिंध्यांची. नर्सबाईंच्या गणवेशाचा पांढरा, शाळेतल्या बाईंचा निळा, कुणाच्या पडद्याचं फुलांचं कापड. थरावर थर घालून शिवलेली. टाके वाकडेतिकडे, कुठे अर्धा इंच, कुठे दोन, दोरा मध्येच गुंडाळलेला. हिला लहानपणी सुई धरता येत नव्हती. मी हिच्या बोटांवर पट्टी मारली होती त्यासाठी.

बंडी काढली तेव्हा आत काय उरलं होतं ते मी लिहिणार नाही. मी टेप लावली नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"चार आठवडे. दर शनिवारी तू बाजारात गेलीस की एक थर घालायचे."

"ते दिवस नाही विचारत मी!"

ती खुर्चीत बसली, अंगाभोवती चादर ओढून. "डॉक्टरांनी आकडा नाही सांगितला. म्हणाले, आता येण्याजाण्यात दमू नका. आणि पुढच्या वर्षाचं काही ठरवू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि त्या पोरीला इथे आणतेयस? नऊ वर्षांची आहे ती! काय बघायला आणतेयस तिला?"

"मला," ती म्हणाली. "मला बघायला आणतेय. तिकडे राहिली तर तिला एक दिवस सांगतील की आई गेली. ती म्हणेल, ती तर केव्हाच गेली होती. तसं नकोय मला, ताई. मी टाकून गेले नाही, मला जावं लागलं, एवढं तिने स्वतः बघावं. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तर तू त्या बाईंना खरं सांगितलं असतंस."

सांगितलं असतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही. माझ्या खरेपणाचा तिने एखाद्या साक्षीदारासारखा उपयोग करून घेतला, आणि त्या साक्षीदाराला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. मला इतका राग आला होता की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. जेवण ठेवायचे, ताट उचलायचे. कोर्टाच्या बाईंचा नंबर लिहिलेला कागद मशीनच्या पायाखाली होता. दोनदा मी तो काढला आणि दोनदा परत ठेवला. पोरीचा काय दोष, असं एकदा वाटायचं, आणि पोरीच्या आईचा तरी काय दोष, असं लगेच.

तिसऱ्या दिवशी ती आंघोळ करून आली तेव्हा तिच्या पाठीवर लाल लाल ठिपके दिसले, ओळीने. मी बंडी उचलून उलटी केली. अक्कल बघा, सगळ्या गाठी आतल्या बाजूला मारल्या होत्या! चार आठवडे त्या गाठी तिच्या हाडांना टोचत होत्या आणि ती माझ्यासमोर हसत उभी राहत होती.

मी बंडी उसवली. सगळी. थर वेगळे केले, धुतले, वाळवले. आतून माझ्या मऊ जुन्या चादरीचं अस्तर लावलं. थर पुन्हा रचले, पोटाशी जाड, बरगड्यांवर पातळ, जसं खरं अंग असतं तसं. गाठी बाहेर घेतल्या. दोन्ही बाजूंना नाड्या लावल्या आणि आत खिसे ठेवले, म्हणजे पुढे आणखी भरता येईल. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम असेल ते, आणि कुणाला दाखवायची सोय नाही. शिवून झाल्यावर तिच्या मांडीवर टाकली.

"सुई कधी धरायला शिकणार तू?" मी म्हटलं.

ती रडायला लागली. मीही रडले, का नाही रडणार!

कोर्टाने पोर आईकडे दिली आणि पंधरा दिवसांनी शनिवारी खार आली. बाप खाली गाडीतच बसून राहिला, वर आला नाही. पोर उंच झाली होती, बॅग जिन्यावर आपटत आली. धाकटी हिरवा ड्रेस घालून दारात उभी होती. खारीने बॅग टाकली आणि तिला जी मिठी मारली ती सोडेचना. कान आईच्या छातीला लावून डोळे मिटून उभी. मला भीती वाटली, धाकटी पडेल. मी मागे जाऊन तिच्या पाठीला हात दिला.

"आई, तू मऊ झालीस," खार म्हणाली.

"मावशी खायला घालते ना," धाकटी म्हणाली.

मग खार तिच्याभोवती फिरली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, लहानपणापासून. "पाठीवरचे पक्षी उलटे आहेत," ती म्हणाली.

"कापड कमी पडलं गं," मी म्हटलं.

"दीड मीटरच होतं," खार म्हणाली. "मला माहितीये. माझ्या फ्रॉकचं होतं."

त्यानंतर घर बदललं. शाळा, डबा, गृहपाठ, दोघींची भांडणं, दोघींचं हसणं. खारीला शाळेत पोचवायला मी जायचे, धाकटी खिडकीतून हात करायची. दुपारी तिला झोप लागायची आणि ती झोप दर आठवड्याला थोडी वाढायची. दर रविवारी खारीसमोर आम्ही माप घ्यायचो, खेळ असल्यासारखं. टेप साडेअठ्ठावीसच म्हणायची आणि मी वहीत लिहायचे. आदल्या दिवशी खार खाली खेळायला गेली की मी बंडीच्या खिशांत नवा थर सरकवायचे. पहिल्या शनिवारी एक पुरायचा. मग दोन लागायला लागले. खाली काही उरत नव्हतं आणि वर सगळं तसंच होतं. कोर्टाच्या बाई एकदा फोनवर म्हणाल्या, सगळं ठीक? मी म्हटलं, कंबर तेवढीच आहे.

गेल्या शनिवारी धाकटी आत झोपली होती. खार खाली गेलीय असं मला वाटलं होतं. मी चिंध्यांची पिशवी काढली तर तळाशी चार दोरे. आठवडाभर कामंच घेतली नव्हती, तर कतरण कुठून पडणार? मी कपाट उघडून माझा कुठला ब्लाउज फाडता येईल ते बघत होते. मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं.

खार होती. हातात तिचा पिवळा फ्रॉक, धुऊन धुऊन विटलेला.

"मावशी, हा मला आखूड होतो," ती म्हणाली. "ह्याच्या चिंध्या कर."

"कशाला गं?" मी म्हटलं.

"पिशवी रिकामी झाली ना. हा मऊ आहे. आईला टोचणार नाही."

मी मशीनच्या स्टुलावर बसले. तिला जवळ ओढलं. "कधी कळलं तुला?"

"आले त्या दिवशी. मी कान लावला होता ना. आधी आईला कान लावला की धडधड ऐकू यायची. तेव्हा काहीच येईना, नुसतं कापड." मग तिने आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "तिला नको सांगू मला माहितीये ते. तिने इतकं केलंय."

मी कात्री घेतली. फ्रॉक मशीनवर पसरला आणि कुठून सुरुवात करावी ते मला सुचेना. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. खारीने तिच्या छोट्या बोटांनी कापड ताणून धरलं, कडेने, जसं मी धरते तसं.

"बाह्या आधी काप," ती म्हणाली. "तिथलं अजून चांगलं आहे."